दुखणारे पाय आणि न दुखणारे पाय

वेरूळ पाहून परतलेल्या माणसाला काय आवडले असे विचारले तर तो कैलासाचे नाव घेतो, आणि त्रास कशाचा झाला असे विचारले तर पायांचे. ३४ लेणी सुमारे दोन किलोमीटरच्या डोंगरकड्यात पसरली आहेत. त्यातील चढउतार दगडी, पायऱ्या कुठे उंच तर कुठे झिजलेल्या, आणि त्यानंतर घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी अनवाणी रांग! सहलीची मुले हे सारे सहज पचवितात. त्यांच्या गुरुजींना मात्र दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभे राहणे जड जाते. हे दुखणे चार दिवसांत शमले तर त्याची दखल घेण्याचे कारण नाही. परंतु पाय दुखणे हा वयाचा, वाताचा किंवा नशिबाचा भाग आहे असे मानून ते वर्षानुवर्षे अंगावर काढण्याची आपली जी रीत आहे, ती तपासून पाहण्याजोगी आहे.

शरीरातील २०६ हाडांपैकी ५२ हाडे दोन पावलांत असतात. इतकी गुंतागुंतीची रचना असूनही तिच्या बहुतेक तक्रारींचे मूळ अगदी साध्या गोष्टींत सापडते. टाचदुखीचेच पाहा. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते, थोडे चालल्यावर ती सैल पडते आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. ही खूण इतकी स्पष्ट आहे की निदानाला बहुधा यंत्र लागत नाही. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोलून धरणे हे त्याचे काम. कडक फरशीवर तासन् तास उभे राहणे, पातळ तळाची चप्पल, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी यांमुळे तो टाचेपाशी दुखावतो. पाच तासिका उभ्याने घेणारा शिक्षक, खिडकीमागचा कारकून, ओट्यापुढे शहाबादी फरशीवर अनवाणी वावरणारी गृहिणी आणि लेण्यांच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी हे सारे एकाच दुखण्याचे मानकरी आहेत.

पण रुग्णाला हे साधे उत्तर पटत नाही. तो क्ष-किरण चित्र काढून घेतो, त्यात टाचेचे हाड टोकदार झालेले दिसते, आणि ‘हाड वाढले’ हे वाक्य आयुष्यभर त्याची सोबत करते. वस्तुतः असे वाढलेले हाड टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांतही आढळते. तेव्हा दोष त्या हाडाला देण्यात फारसा अर्थ नाही. स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे आराम पडतो, यात शंका नाही; मात्र ती वारंवार घेतल्यास तो पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते. त्यापेक्षा उपयोगी पडतो तो फुकटचा व्यायाम. अंथरुणातून उतरण्यापूर्वी पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढून दहापर्यंत आकडे मोजावेत, आणि असे दहा वेळा करावे. दिवसातून दोनतीनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. घरातही मऊ तळाची चप्पल वापरावी. सुधारणा काही महिन्यांनी होते, म्हणून धीर हवा. बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून वर्षभरात बरे होतात.

मात्र उभे राहणे हेच ज्याचे काम, त्याला व्यायाम सांगून कसे भागेल? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना, काम करता करता जेव्हा सवड मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून, आसनांची सोय सक्तीची केली. दुकानांतील नोकरांसाठी असा हक्क केरळने २०१८ मध्ये व तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात आणला. शाळेला यांपैकी काहीच लागू पडत नाही. वर्गात खुर्ची असली तरी तिच्यावर बसून शिकविणारा शिक्षक आळशी ठरतो. ही समजूत कोणी व का रुजविली ते ठाऊक नाही, पण तिची किंमत टाचा मोजतात.

दुसरा प्रकार एकाएकी चालणाऱ्यांचा. वेरूळपासून जवळच खुलताबादला भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातील शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून हजारो लोक तिथवर पायी जातात. त्यांत कॉलेजचे विद्यार्थी असतात, तसे वर्षभर टेबलापाशी बसलेले पन्नाशीचे गृहस्थही असतात. पंचविसेक किलोमीटरची ही चाल दर वर्षी आनंदाने पार पाडणारे पुष्कळ आहेत. पण सवय नसताना एवढे अंतर कापले की फोड येतात, घोटे सुजतात, आणि क्वचित पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो. सैनिकांच्या लांब कूचीत असे तडे फार जात, त्यामुळे वैद्यकशास्त्रात त्याला कूचीचेच नाव पडले आहे. पावलावर एका ठिकाणी बोट दाबताच कळ येत असेल आणि चालताना ती वाढत असेल, तर मालिश न करता डॉक्टरांकडे जावे. महिनाभर आधीपासून रोज थोडे थोडे अंतर वाढवावे, आणि पायात वापरून मुरलेलेच बूट असावेत. यात्रेसाठी नवे बूट घेणे ही हौस महागात पडते. अंगठ्याच्या मुळाशी रात्रीतून आलेली लालभडक सूज ही मात्र चालण्याची नव्हे, बहुधा यूरिक आम्लाची खूण असते. तिथे रक्ततपासणीच हवी.

इथवर दुखणाऱ्या पायांची गोष्ट झाली. अधिक काळजी करावी ती न दुखणाऱ्या पायांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीनुसार (२०२३) देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. त्यांतील अनेकांच्या तळव्यांची संवेदना हळूहळू नाहीशी होते. असा माणूस दुपारच्या रांगेत तापलेल्या दगडावर उभा राहतो. शेजारचे पाय उचलतात, हा शांत असतो. घरी गेल्यावर तळव्यावर भाजल्याचा फोड दिसतो. तो चिघळतो आणि प्रसंगी बोट किंवा पाऊल कापण्याची पाळी येते. कुष्ठरुग्णांच्या जखमांमागे हेच बधिरपण असते, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे दाखवून दिले, आणि अशा पायांसाठी सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल वापरात आली. ती ‘एमसीआर’ या नावाने आज बाजारात सहज मिळते. मधुमेह्याने कुरूप ब्लेडने कापू नये आणि त्यावर औषधी पट्ट्याही लावू नयेत, हे सांगणाऱ्यांची मात्र वाण आहे.

श्रद्धेने अनवाणी जाणाऱ्याला अडविण्याचा प्रश्नच नाही. पण दर्शनाच्या रांगेवर सावली धरणे, काथ्याची चटई अंथरून ती ओली ठेवणे आणि सुती मोजे घालून येणाऱ्याला न हटकणे एवढ्याने देवाचे काही उणे होणार नाही. संवेदना गेली आहे की नाही हे पाहायला नायलॉनचा एक जाडसर धागा पुरतो. तो तळव्यावर टेकवून ‘लागते का?’ एवढेच विचारायचे. श्रावण सोमवारी आणि महाशिवरात्रीला यात्रेच्या आरोग्य पथकाने दर्शनाच्या रांगेआधीच हा धागा घेऊन बसावे. देवस्थानाने त्याला सावलीतली जागा आणि दोन खुर्च्या द्याव्यात.