ताटात शिवी वाढावी का?

यंदा पहिला पाऊस पडून गेला आणि ठाण्याला राहणारी माझी पुतणी दोन दिवस मुरबाडला आली. वर्षभरापासून तिने मांस-मासे, अंडी तर सोडलीच, पण दूध, दही, तूपही सोडले आहे. अशा आहाराला आता आपल्याकडेही ‘व्हीगन’ म्हणतात. तिच्या पिशवीत पाककृतींचे एक इंग्रजी पुस्तक होते. मी सहज चाळायला घेतले आणि थबकलो. पानोपानी शिव्या! त्याही चारचौघांत उच्चारता येणार नाहीत अशा.

पुतणी हसत म्हणाली, “काका, गंमत आहे हो ती. नुसता उपदेश केला तर कोण ऐकतं?”

तिची काकू म्हणाली, “अन्नापुढे असली भाषा नको गं बाई.”

दोघींनी निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी मी दवाखान्याची वेळ झाल्याचे सांगून सुटलो. आज उत्तर देतो.

पुस्तकाचे नाव ‘ठग किचन’. अमेरिकेत २०१४ साली ते निघाले आणि खूप खपले. शाकाहार म्हणजे श्रीमंतांचे नखरे, नाही तर सोवळ्यांचे प्रवचन, असा तिकडे अनेकांचा समज. शिवराळ भाषेने तो समज मोडतो, भाजीपाला खाणारा माणूसही आपल्यासारखाच वाटतो, असे या भाषेच्या बाजूने म्हणता येते. या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. लोक उपदेशाला कंटाळतात, हे डॉक्टरइतके कोणाला ठाऊक असणार?

पण पुढची गोष्ट ऐका. ‘ठग’ हा शब्द मूळचा आपला. इंग्रजांनी तो इथून नेला. अमेरिकेत तो पुढे काळ्या तरुणांना गुंड ठरवण्यासाठी सर्रास वापरला जाऊ लागला. पुस्तकाचे दोन्ही लेखक गोरे निघाले, तेव्हा लोकांनी विचारले, ‘ही थट्टा नेमकी कोणाच्या जिवावर?’ अखेर २०२० साली त्यांनी ते नाव टाकून दिले.

त्याआधी २००५ साली तिकडेच ‘स्किनी बिच’ नावाचे पुस्तक निघाले होते. तेही व्हीगन आहाराचे. नावाचा अर्थ ‘सडपातळ कुत्री’. बाईला दिली जाणारी शिवीच ती. इथे शिवी वांग्याला किंवा भोपळ्याला नाही, वाचणाऱ्या बाईच्या शरीराला आहे. माझ्याकडे कॉलेजच्या मुली चक्कर येते म्हणून येतात. खोदून विचारले तर कळते, कोणीतरी ‘जाडी’ म्हणून चिडवले आणि पोरीने रात्रीचे जेवण सोडले. अशा मुलीच्या हाती हे पुस्तक द्यायला मी तयार नाही.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर फार सोवळे. तसे नाही. आपल्याकडे शिमग्याला बोंब मारायची रीतच आहे. पण शिमगा चार दिवसांत संपतो. एरवीही घरातली आजी ‘मेल्या, दोन घास खाऊन जा’ म्हणते, तेव्हा त्या ‘मेल्या’त तुपाची धार असते. ते ऐकून कोणी उपाशी उठत नाही.

स्वयंपाक शिकवायला शिवी लागतेच असेही नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. वाटी-चमच्याच्या मापाने, आवाज न चढवता, ‘रुचिरा’ने किती नव्या सुनांना स्वयंपाकाला उभे केले!

मात्र कडक बोलून लोकांचे खाणे-पिणे सुधारणारा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. गाडगेबाबा. कीर्तनात ते लोकांना हसवत, प्रश्न विचारून कोंडीत पकडत आणि खडसावतही. दारू सोडा, देवापुढे बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, हे त्यांनी वऱ्हाडी बोलीत गावोगाव सांगितले. लोकांनी ते ऐकून का घेतले? कारण रात्री कीर्तनाला उभे राहण्याआधी बाबांनी दिवसा त्याच गावचा रस्ता खराट्याने झाडलेला असे. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाचे दारू-मटण न देता गोड जेवण घातले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आधी स्वतः केले, मग दुसऱ्याला बोलले. खडसावण्याचा अधिकार असा कमवावा लागतो.

हा अधिकार मी न कमावता वापरला, त्याची गोष्ट सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे मधुमेहाचे एक शेतकरी रुग्ण येत. पथ्य पाळत नसत. एकदा साखर फार वाढलेली पाहून, दवाखाना भरलेला असताना मी मोठ्याने म्हणालो, “काका, असंच चालू द्या. तेराव्याचं जेवण आम्हाला मिळेलच.” बाकावरची माणसे खो खो हसली. काकाही हसले. मला वाटले, गोळी बरोबर लागली.

त्यानंतर दोन वर्षे ते आलेच नाहीत. आले तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. त्यांना कल्याणला पाठवले, पण पाऊल वाचले नाही. पुढे कुबडी घेऊन भेटायला आले, तेव्हा शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही बोललात ते खरं होतं. पण चार माणसांत बोललात.”

मला त्यावर उत्तर नव्हते, आजही नाही. त्या दिवसापासून एक धडा शिकलो. माणूस हसला म्हणजे त्याला पटले असे नसते. कधी कधी तो लाज झाकण्यासाठी हसतो, आणि लाजलेला माणूस पथ्य पाळत नाही, डॉक्टर टाळतो.

म्हणून माझा निवाडा असा. ज्याने पुस्तक स्वतः विकत घेतले, त्याला शिव्या गोड लागत असतील तर खुशाल वाचाव्यात. लेखकाने स्वतःची, वांग्याची, करपलेल्या भाकरीची हवी तेवढी टिंगल करावी. पण समोरच्याचे ताट, शरीर, जात किंवा गरिबी ही थट्टेची वस्तू नव्हे.

आणखी एक गोष्ट. आहार शिवी देऊन सांगा की ओवी गाऊन, ‘ब-१२’ जीवनसत्त्व भाजीपाला आणि डाळींतून मिळत नाही. दूधही सोडणाऱ्याने ते वेगळे घेतलेच पाहिजे. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे पहिली काही वर्षे कमतरता जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, जीभ लाल होते, विसर पडू लागतो. फार उशीर झाला तर मज्जातंतू पूर्ववत होत नाहीत. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही ही रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. पुतणीची तपासणी केली. आकडा कमी आला, गोळ्या सुरू केल्या. बाकी तिचे नाचणीची भाकरी, वाल, कुळीथ, पालेभाजीवर लिंबू, हे उत्तम चालले आहे. आपल्या तालुक्यातील कितीतरी घरांत गरिबीमुळे हेच जेवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्याला कोणी इंग्रजी नाव दिले नव्हते, एवढेच.

जाण्याच्या दिवशी बाजारात आदिवासी बायकांच्या टोपल्यांत शेवळे आली होती. शेवळ नुसते शिजवले तर घशाला खाज सुटते, त्याला काकडांचा आंबट रस लागतो. कोणी त्यात कोलंबी घालतात, काकूने डाळ घातली. पुतणी वही घेऊन कृती लिहायला बसली. “अगं मेले, काकडं आधी!” काकू ओरडली.

पुतणीने माझ्याकडे पाहिले आणि तेही वहीत लिहून घेतले.