वेष्टनावरील अपुरा हिशेब

मूत्रपिंडे दुर्बल झालेल्या रुग्णाने तयार खाद्यपदार्थ वर्ज्य करावेत, हा उपदेश सोपा आहे. एकट्या राहणाऱ्यास तो पाळवत नाही. त्याला वेष्टनावर पुरा हिशेब हवा. २०२० च्या भारतीय नियमांनी तेथे सोडियमचे प्रमाण छापणे सक्तीचे केले. फॉस्फरस व पोटॅशियम यांचे नाही. वस्तुतः डाळींतील फॉस्फरस आतड्यात सामान्यतः निम्माही शोषला जात नाही. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मिसळलेल्या फॉस्फेटांतील मात्र बहुतेक सर्व रक्तात उतरतो, आणि दुबळ्या मूत्रपिंडांना तो पुरेसा बाहेर टाकता येत नाही. घटकांच्या यादीतील ४५० ते ४५२ हे क्रमांक अशा फॉस्फेटांचेच होत. ‘कमी सोडियमचे’ मीठ तर अधिकच फसवे: त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असते, आणि रक्तात पोटॅशियम साचल्यास हृदय बंद पडू शकते. रुग्णाने क्रमांक पाठ करीत बसावे, यापेक्षा या दोहोंचे प्रमाण छापणेही सक्तीचे करावे, हेच युक्त होय.