सही खरी, लग्नाचे माहीत नाही

वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावात नोंदवलेल्या लग्नाचा सरकारी पुरावा गावच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतो. नवरा-बायको दुबईत असोत की टोरंटोत, दाखला निघतो तो तिथूनच. महाराष्ट्राचा विवाह नोंदणी अधिनियम १९९८ सालचा. या कायद्याखाली गावातले विवाह निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे आले.

तरी अनेक लग्ने नोंदीविनाच राहिली, आणि त्यात बेफिकिरीपेक्षा व्यवहार अधिक होता. नोंदणी झाली नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही, असे १९५५चा हिंदू विवाह कायदाच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्वच लग्नांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. गावोगावच्या जोडप्यांना ही सक्ती प्रत्यक्ष जाणवली ती मात्र व्हिसाच्या अर्जाने.

नोंद आधीच झालेली असेल तर गावातला भाऊ अर्ज देऊन दाखला काढू शकतो. नसेल तर खरी पंचाईत. नोंदणीच्या ‘नमुना ड’ अर्जावर वधूवरांचे फोटो आणि सह्या लागतात, तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सहीही लागते. लग्नानंतरचे नव्वद दिवस उलटून गेले असतील तर विलंबाचे शुल्क वेगळे. सोबत लग्नपत्रिका जोडायची. मांडवात हजारभर माणूस जेवून गेलेले असते, पण दहा वर्षांनी पत्रिका कुणाच्याच कपाटात सापडत नाही. मग प्रतिज्ञापत्र करावे लागते. दोघांनी निबंधकासमोर उभे राहायचे, म्हणजे विमानाची तिकिटेही आलीच. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पत्नीला व्हिडिओद्वारे हजर राहू दिले होते. पण त्यासाठी त्या जोडप्याला आधी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

दाखला हाती आला तरी परदेशी कचेरीला गावच्या निबंधकाची सही ओळखू येत नाही. म्हणून तिच्यावर राज्य शासनाची मोहोर, आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे सही खरी असल्याचे प्रमाणपत्र. १९६१च्या हेग करारातली ही पद्धत भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे. मंत्रालय कागद थेट अर्जदाराकडून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेते. कॅनडा या करारात २०२४ च्या जानेवारीत आला. संयुक्त अरब अमिराती करारात नाही, त्यामुळे दुबईसाठी त्यांच्या वकिलातीचा आणखी एक शिक्का घ्यावा लागतो.

या साखळीत प्रत्येक अधिकारी आपल्या आधीच्याची सही तेवढी खरी असल्याचे सांगतो. अपोस्टिल सही, पद आणि शिक्का यांचीच ग्वाही देते; कागदातला मजकूर खरा आहे का, हा त्याचा विषयच नाही. म्हणजे वाशीमच्या जागी वर्धा लिहिले गेले असले, तरी मोहोर तेवढीच ठसठशीत उमटते. पासपोर्टवर माहेरचे नाव आणि दाखल्यावर सासरचे, हा घोळ दाखला घेतानाच निस्तरायचा. पुढच्या कुठल्याच टेबलाला तो दुरुस्त करता येत नाही.

अपवाद जर्मनीचा. भारतातल्या अपोस्टिलला तिने हरकत घेतली असल्याने तिथे ते चालत नाही. जर्मन कार्यालयाला शंका आली तर वकिलातीमार्फत कागदाची पडताळणी होते, आणि नेमलेला माणूस मूळ नोंद जिथे आहे तिथे चौकशी करतो. आसेगावातले लग्न खरोखर लागले होते का, हा प्रश्न साऱ्या प्रवासात विचारला जातो तो तेव्हाच. आणि त्याचा खर्चही सहसा अर्जदाराच्याच माथी येतो.