नदी तपासायला यीस्ट आणा

पुण्याच्या मुळा-मुठेच्या पाण्याचा सरकारी तक्ता उघडा. बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी), विरघळलेला ऑक्सिजन, सामू, कोलिफॉर्म... संप्रेरकांच्या कामात लुडबूड करणाऱ्या रसायनांसाठी त्यात रकानाच नाही. तो घालावा, यासाठी हे मुद्दे.

१. परिणाम व्हायला ही रसायने नखभरही लागत नाहीत. कॅनडातल्या ओंटारिओत शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात एका प्रायोगिक तलावात गर्भनिरोधक गोळ्यांतले कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम मिसळले. प्रमाण होते लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. नर माशांच्या अंगात अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि फॅटहेड मिनो ही मासोळी तलावातून जवळजवळ नाहीशी झाली. एवढ्याशा इस्ट्रोजेनने बीओडीचा आकडा हलतही नाही. (गोळ्या घेणाऱ्या बायकांवर मात्र खापर फोडू नये. नैसर्गिक इस्ट्रोजेन माणसांच्या आणि गुरांच्या मूत्रातून येतेच. शिवाय डिटर्जंटमधले नॉनिलफिनॉल आणि प्लॅस्टिकमधले बिस्फेनॉल-ए आहेतच.)

२. रासायनिक तपासणीत ज्याचे नाव यादीत असेल तेच शोधले जाते. जैवसंवेदक यीस्टला यादी लागत नाही. त्यात मानवी इस्ट्रोजेन-ग्राहकाचे (रिसेप्टरचे) जनुक बसवलेले असते. इस्ट्रोजेनसारखे कुठलेही रसायन त्या ग्राहकाला चिकटले की पेशी एक विकर बनवते आणि पिवळे द्रावण लाल होते. सगळ्या रसायनांचा मिळून परिणाम किती, ते त्यावरून मोजता येते. ही चाचणी ब्रिटनमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झाली, २०१८ पासून तिला आयएसओ १९०४० हे मानक आहे. तेव्हा ‘अजून संशोधन व्हायचे आहे’ ही सबब चालणार नाही.

३. यीस्ट गुन्हा सांगते, गुन्हेगार नाही. पाणी फार विषारी असेल तर पेशीच मरतात, रंग बदलत नाही आणि घाण पाणी स्वच्छ ठरू शकते. म्हणून पेशी जिवंत आहेत ना, हेही तपासावे लागते. मग नेमके रसायन ओळखण्यासाठी संशयित नमुने रासायनिक तपासणीच्या महागड्या यंत्राकडे पाठवावेत.

४. हातात धरायच्या, झटपट उत्तर देणाऱ्या उपकरणांची निविदा कृपा करून काढू नका. मैलापाण्यात त्यांच्या पृष्ठभागावर थर चढतो आणि आकडे भरकटतात.

५. पैसा? युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार असे सूक्ष्म प्रदूषक काढण्याच्या जादा खर्चापैकी किमान ८० टक्के औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी द्यायचा आहे. आपल्याकडे मोजमापच नाही, तर वसुली कोणाकडून करणार?

प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागपूरच्या ‘नीरी’सारख्या पर्यावरण संशोधन संस्थेची मदत घ्यावी, प्रत्येक मैलाशुद्धीकरण केंद्रात येणारे आणि तिथून नदीत सुटणारे पाणी वर्षभर तपासावे आणि आकडे संकेतस्थळावर टाकावेत.