चिलखत आणि डोंगर

चिलखत जितके जड तितके पायदळ प्रबळ, हा समज अफगाणिस्तानच्या डोंगरांनी खोटा ठरविला. १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत सेना तेथे शिरली ती युरोपच्या मैदानांसाठी घडविलेले मोटारवाहू पायदळ घेऊन. रणगाड्यांच्या बरोबरीने धावावे आणि वाहनावरील तोफेच्या आश्रयाने लढावे, हेच त्याचे शिक्षण. परंतु बीएमपी-१ ची ७३ मिलिमीटरची तोफ कड्यावर दडलेल्या बंदूकधाऱ्यावर रोखण्याइतकी वर उचलतच नसे! बीएमपी-२ च्या ३० मिलिमीटर तोफेने ती उणीव भरून काढली, तरी वाहन रस्त्याला जखडलेलेच राहिले. सुरुंगाच्या भयाने शिपाई चिलखताच्या आत न बसता टपावर बसत. शिखरे काबीज करण्याचे काम मुख्यत्वे हलक्या छत्रीधारी आणि हेलिकॉप्टरने उतरविलेल्या तुकड्यांकडे गेले. त्यांना चढता येई, पण जड तोफा वाहता येत नसत. शिवाय रसदीचे ताफे राखावयास चिलखती वाहने लागतच. तेव्हा दोहोंच्या गुणदोषांची तुलना तज्ज्ञांनी खुशाल करावी. हलक्या काय नि जड काय, दोन्ही तुकड्यांत सक्तीने भरती झालेली पोरेच होती, आणि समाजवादाच्या नावाने त्यांना परक्या मुलखात धाडणारे मॉस्कोत सुरक्षित होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये माघार पूर्ण झाली, तोवर सुमारे १५,००० सोव्हिएत सैनिक मेले होते. अफगाण मृतांची गणती तर लाखांत जाते.