पेशंटला सवलतीचं तिकीट, पण पोरांचं काय?

मंडळी, आज जरा कडू लिहितोय. पटलं नाही तर खाली भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

कॅन्सर हा शब्द आपल्याकडे अजून घरात मोठ्याने कोणी उच्चारत नाही. 'गाठ आहे', 'मुंबईचं औषध चालू आहे' एवढंच बोलतात. पोरं समोर आली की तेवढंही बंद. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं : "पोरायले काय समजते?"

पोरांना सगळं समजतं हो. आईचे केस गेलेले दिसतात, बापाने गहाण ठेवलेली पोत दिसते, आजी देवघरात रडताना दिसते. आपण सांगत नाही म्हणून ती आपल्या मनाने अर्थ लावतात. लहान पोराला वाटतं, मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली. कोणाला वाटतं, तिच्या ताटात जेवलो तर मलाही होईल. शेजारची पोरं शाळेत ज्या दिवशी 'तुझी आई मरणार' असं सांगतात, त्या दिवशी घरातल्या मोठ्यांवरचा विश्वास उडतो. तो परत आणायला कोणती केमो नाही.

मागे एका शाळेत बातमीसाठी गेलो होतो. नववीतल्या एका पोराबद्दल सर म्हणाले, "हा पार वाया गेला, वर्गात झोपतो, विचारलं तर अंगावर येतो." चौकशी केली तर आई तीन महिन्यांपासून मुंबईत उपचाराला, बाप सोबत, आणि हा धाकट्या बहिणीला घेऊन काकांकडे. पहाटे उठून केळीच्या बागेत काम करून शाळेत यायचा. शाळेत कोणालाच माहीत नव्हतं. कारण कोणी विचारलंच नव्हतं.

आपल्या तालुक्याला कॅन्सर झाला की भुसावळ गाठायचं, तिथून सुमारे साडेचारशे किलोमीटर मुंबई, आणि मग परळचं टाटा हॉस्पिटल. १९४१ पासून हे हॉस्पिटल गरिबाचा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. फुले जनआरोग्य योजनेत उपचार होतात. रेल्वेत स्लीपरला पेशंटला पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला ७५ टक्के. चांगलं आहे. पण हिशोब बघा, पेशंट एक आणि सोबती एक. मागे राहिलेली दोन-तीन पोरं या हिशोबात कुठेच नाहीत. ती आज मामाकडे, उद्या काकाकडे, परवा शेजारी.

त्यात मोठी पोरगी असली तर विचारूच नका. भाकरी तिची, धुणं तिचं, धाकट्याचा डबा तिचा. दहावीचं वर्ष गेलं तरी आपण कौतुक करतो, "काय शहाणी पोर आहे!" अरे, शहाणी नाही, तिला पर्याय नाही. आपण नातेवाईक कमी पडलो, ते झाकायला हा शब्द वापरतो.

आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा त्यांचा मुलगा रोहित शाळकरी वयाचा होता. २०२४ मध्ये तो आमदार झाला. आपण सगळ्यांनी म्हटलं, पोरगं बापाच्या जागी उभं राहिलं. राहिलं, त्याला सलाम. पण त्या घरामागे पक्ष होता, अख्खा तालुका होता. आपल्या गल्लीतल्या मजुराच्या पोरामागे कोण आहे?

आता कामाचं. राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून त्यात मुलामागे महिन्याला २२५० रुपये आहेत. अनेकांना वाटतं ती फक्त अनाथांसाठी आहे. तसं नाही. पालकाला कॅन्सरसारखा दुर्धर आजार असला तरी १८ वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज करता येतो. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे. किती घरांना हे माहीत आहे? आणि वाढदिवसाचे बॅनर लावणाऱ्या सगळ्या पक्षांच्या भाऊ-दादांना माझा सवाल, रुग्णवाहिकेपुढे फोटो काढता, तसं या अर्जांचं एक शिबिर का होत नाही?

आशाताईला कोणत्या घरात पेशंट आहे ते माहीत असतं. तिने पोरांची नावं शाळेला कळवावी. मुख्याध्यापकांनी एका शिक्षकाला सांगावं की या पोराकडे लक्ष ठेवा, गृहपाठ राहिला तर उभं करू नका. याला ना निधी लागतो, ना जीआर.

आणि घरच्यांनी बसून चार गोष्टी सांगाव्या. आजाराचं नाव काय. तो शिवल्याने, सोबत जेवल्याने होत नाही. तुझ्यामुळे झालेला नाही. आणि आम्ही मुंबईला असताना तुझ्याजवळ कोण राहणार. 'सगळं ठीक होईल' असं खोटं वचन देऊ नका. 'डॉक्टर प्रयत्न करतायत, जे होईल ते तुला आधी सांगू' एवढं पुरे. रोज व्हिडिओ कॉल लावा, आई थकलेली दिसली तरी लावा. पोरगं फारच गप्प झालं, जेवेना, झोपेना, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

काही जण म्हणतील, पोरं घाबरतील, अभ्यास बुडेल. ती घाबरलेलीच आहेत. फरक एवढाच की आज एकटी घाबरतात.

आपलं गाव ज्या मुक्ताईच्या नावाने ओळखलं जातं, तिच्या आईबापाला मोठ्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि चार लेकरं उघड्यावर पडली. तिच्या शहाणपणाची आपण पालखी काढतो. त्या लेकरांना तेव्हा कोणी घरात घेतलं नाही, हेही तिच्याच गावाने लक्षात ठेवायला पाहिजे.

तुमच्या गल्लीत असं घर असेल तर पोरांची नावं इथे कमेंटमध्ये लिहू नका. उठा आणि त्या घरी जा. अर्ज भरायला मदत लागली तर मला इनबॉक्समध्ये सांगा, सोबत येतो.