चोर सोडून संन्याशाला फाशी नको



द्राक्षाचे पान पिवळे पडले, तर तुम्ही काय करता? दुकानात जाऊन हाताला लागेल ते खत आणून टाकता का? नाही. पान लोह कमी पडल्याने पिवळे होते, नत्र कमी पडल्याने होते आणि मुळाशी पाणी साचल्यानेही होते. पान पिवळे आहे, एवढेच पान सांगते. कशामुळे ते सांगत नाही. म्हणून आपला नाशिककडचा बागायतदार देठ तपासून घेतो, माती पाहतो आणि मगच खिशात हात घालतो.

मग दारात उभ्या असलेल्या पिकअपच्या बाबतीत हा शहाणपणा कुठे जातो?

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागतो. गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते किंवा चढावर मध्येच बंद पडते. गॅरेजवाला यंत्र लावून पाहतो आणि म्हणतो, “सेन्सर गेलाय.” नवा सेन्सर बसतो, पैसे मोजले जातात. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर! मग दुसरा सेन्सर. तोवर वावरात तोडलेल्या टोमॅटोचे क्रेट उन्हात पडून. पिंपळगावचा बाजार आपल्यासाठी थांबत नाही आणि टोमॅटो तर मुळीच थांबत नाही. सेन्सरच्या किमतीपेक्षा हे नुकसान मोठे. म्हणून आज या दिव्याचे आणि सेन्सरचे पाहू.

जुन्या जीपला ही भानगड नव्हती. डिझेल, हवा आणि पंप यांचे जमले की गाडी चालायची. पुढे धुराचे नियम कडक झाले. एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस. चार आणि एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा नियम आले. ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरनाही जानेवारी २०२३ पासून अधिक कडक नियम लागू झाले. हे नियम पाळायचे, तर डिझेल थेंबाथेंबाने मोजून द्यावे लागते. ते मोजण्यासाठी इंजिनात छोटा संगणक आला आणि त्याला खबर देण्यासाठी सेन्सर आले.

यात घाबरण्यासारखे काही नाही. आपल्या सातपूरच्या वसाहतीत महिंद्रचा कारखाना १९८१ पासून आहे. बोलेरो आणि स्कॉर्पिओ तिथे तयार झाल्या. तिथेच बॉशचा कारखाना आहे. पूर्वी आपण त्याला मायको म्हणत असू. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर तिथे बनतात. आपल्याच गावांतली पोरे जे बनवतात, ते आपल्याला समजणार नाही असे कसे होईल?

निरोप्या, वाट आणि पाटील

सेन्सर म्हणजे निरोप्या. एक निरोप्या पाणी किती तापले ते सांगतो, एक इंजिनात हवा किती आली ते, एक डिझेलचा दाब किती ते, तर एक क्रँक किती वेगाने फिरतोय ते. निरोप ज्या वाटेने जातो ती वाट म्हणजे वायर आणि तिच्या टोकाचा कपलर. निरोप ऐकून हुकूम सोडणारा पाटील म्हणजे संगणक.

पाटलाला निरोप पटला नाही की तो पिवळा दिवा लावतो आणि वहीत एक आकडा लिहून ठेवतो. गॅरेजवाला स्कॅनर लावून तोच आकडा वाचतो. पण हा आकडा म्हणजे फिर्याद आहे, निकाल नव्हे! फिर्यादीत ज्याचे नाव आले तोच चोर, असे धरून आपण सरळ निरोप्याला फासावर देतो. म्हणून कुठलाही सेन्सर विकत घेण्याआधी तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न : निरोप खरा तर नाही ना? पाणी खरेच तापले असेल, तर तापमानाच्या सेन्सरने तसे सांगून आपले काम चोख केले आहे. त्याला बदलून काय होणार? दुखणे रेडिएटरमध्ये, पंख्यात नाही तर थर्मोस्टॅटमध्ये आहे.

दुसरा प्रश्न : वाट तुटली आहे का? आपल्याकडे हेच कारण फार वेळा निघते. कांद्याच्या चाळीशेजारी गाडी उभी राहते, उंदीर बॉनेटखाली ऊब धरतात आणि वायर कुरतडतात. फवारणीनंतर गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतली की कपलरमध्ये पाणी शिरते. खताची आणि मोरचुदाची पोती वाहिलेल्या गाडीत तांब्या-लोखंडावर हिरवा-पांढरा क्षार धरतो. वावरातल्या खाचखळग्यांनी अर्थिंगची वायर सैल होते.

तिसरा प्रश्न : निरोप्याच खोटा आहे का? पहिल्या दोहोंचे उत्तर ‘नाही’ आले, तरच इथे या.

आकडा नीट वाचा

गॅरेजमध्ये “सेन्सरचा आकडा आलाय” एवढ्यावर समाधान मानू नका. आकडा कागदावर लिहून मागा. एक उदाहरण देतो. ‘पी ०२१७’ आला, तर अर्थ होतो की इंजिन प्रमाणाबाहेर तापले. म्हणजे निरोप खरा असू शकतो. आधी पाणी पाहा. ‘पी ०११८’ आला, तर अर्थ होतो की त्याच तापमानाच्या सेन्सरच्या वाटेवर व्होल्ट जास्त येताहेत. बहुधा वायर तुटली आहे, कपलर सुटला आहे किंवा सेन्सर आतून तुटला आहे. सेन्सर एकच, पण दोन आकड्यांची दुखणी दोन.

डिझेलच्या दाबाचेही तसेच. ‘पी ००८७’ म्हणजे दाब कमी पडतो. इथे दाबाचा महागडा सेन्सर बदलण्याआधी डिझेल फिल्टर पाहा. तो तुंबला आहे का? त्यात पाणी साठले आहे का? ‘पी ०१९२’ किंवा ‘पी ०१९३’ आला, तर मात्र सेन्सरची वायर आणि कपलर तपासायचे.

एकदम तीन-चार सेन्सरांचे आकडे आले, तर आनंद माना. चौघे निरोपे एकाच दिवशी मरत नाहीत. बऱ्याच सेन्सरांना संगणकाकडून ५ व्होल्टचा पुरवठा एकाच वायरने होतो. एका विहिरीवर तीन मोटारी असाव्यात आणि एकीचा पाईप फुटल्यावर तिन्ही वाफे कोरडे राहावेत, तसा हा प्रकार. एकेक सेन्सरचा कपलर काढत जावे. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट पुन्हा पुरे दिसतात, तिथे दोष.

घरच्या घरी काय पाहता येईल

सर्वांत आधी बॅटरी. साधा मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना व्होल्ट साडेनऊच्या खाली जात असतील, तर संगणकच गोंधळतो आणि भलतेच आकडे लिहितो. मात्र आकडे वाचण्याआधी बॅटरीची वायर काढू नका. तसे केल्यास वही कोरी होऊ शकते आणि पुरावाच जातो.

मग डोळ्यांनी पाहा. इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडा. वायर कुरतडल्या आहेत का? हवेचा फिल्टर धुळीने भरला आहे का? टर्बोकडून येणारा रबरी होस कुठे चिरला आहे का, त्याची पट्टी सैल आहे का? चिरलेल्या होसमधून हवा निसटली, तर गाडी काळा धूर टाकते, ओढ कमी होते आणि आकडा मात्र हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नावावर पडतो. इथे संन्यासी तो सेन्सर आणि चोर तो होस!

आता एक सोपी परीक्षा. पेरूएवढा छोटा स्कॅनर बाजारात काही शे रुपयांना मिळतो. तो स्टिअरिंगच्या खाली असलेल्या सोळा पिनांच्या जागेत बसतो आणि मोबाईलवर आकडे दाखवतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या. पहाटे इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा आणि दोन आकडे पाहा : इंजिनातल्या पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान. दोन्ही बाहेरच्या हवेच्या आसपास हवीत. निफाडच्या थंडीत बाहेर ८ अंश असताना पाण्याचा आकडा ९-१० दिसला, तर त्या वेळेपुरता सेन्सर खरे बोलतो. उणे ४० दिसला, तर निफाडलाही एवढी थंडी पडत नाही! वाट तुटली आहे, असे समजा. ४५ दिसला, तर निरोप्या खोटा बोलतो असा संशय घ्या.

हवेच्या दाबाच्या सेन्सरलाही अशीच परीक्षा आहे. इंजिन बंद, चावी चालू. समुद्रकाठी हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. आपले नाशिक समुद्रापासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे साधारण ९४ दिसायला हवा. आकडा फार वेगळा आला, तर चौकशी करा.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर काढून हातात घेतला, तर तो चुलीवरही तपासता येतो. जसे पाणी तापते तसा त्याचा ओम कमी होतो. पुष्कळ गाड्यांत २० अंशाला दोन-अडीच हजार ओम आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. पातेल्यात पाणी तापवत असताना ओम सावकाश, एकसारखा उतरत गेला, तर सेन्सर ठीक. मध्येच उडी मारली, तर तो बाद.

क्रँकच्या सेन्सरची खूण वेगळी. गाडी तापली की बंद पडते, अर्धा तास थंड झाली की मुकाट्याने सुरू होते. ‘पी ०३३५’ आकडा असेल, तर आधी त्याचा कपलर पाहा, टोकाला लोखंडी कीस चिकटला आहे का ते पाहा. अशा गाडीत माल भरून कसारा घाट उतरायला जाऊ नका. इंजिन घाटात बंद पडले, तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

इथे हात घालू नका

डिझेलचा दाब या इंजिनांत १,६०० बारपर्यंत आणि काहींत त्याहूनही जास्त असतो. चालू इंजिनाचा डिझेल पाईप सैल करून पाहण्याची जुनी सवय इथे जीव घेईल. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे लागते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. पिवळ्या रंगाचे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका. वायरला सुई टोचून तपासू नका. त्या भोकातून पाणी शिरून पुढच्या पावसाळ्यात नवे दुखणे येते.

आणि दिव्याचा रंग ओळखा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश घरी या, पण दाखवायला टाळाटाळ करू नका. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर जागीच बाजूला घ्या. लाल दिव्यावर “मार्केटपर्यंत तरी जाऊ” म्हणणारा इंजिन गमावून बसतो.

गॅरेजमध्ये काय बोलावे

मेकॅनिकवर संशय घेऊ नका, पण प्रश्न विचारा. “दादा, आकडा कोणता आला? वायर आणि कपलर तपासले का? ५ व्होल्ट येतात का? अर्थिंग पाहिली का? सेन्सर मोजला, तेव्हा किती दाखवला?” चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट, गिऱ्हाईक जाणता आहे हे पाहून त्याला बरे वाटते. तपासणीची मजुरी मात्र आनंदाने द्या. आपण तपासणीचे पैसे द्यायला कुरकुरतो आणि सुट्या भागाचे मुकाट देतो. मग त्यानेही तपासण्याऐवजी भाग विकण्यावरच पोट भरायचे का? बदललेला जुना सेन्सर परत मागून घ्या आणि नव्याचे बिल ठेवा.

घरात एक वही करा. शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला ती लिहायला द्या : तारीख, किलोमीटर, दिवा केव्हा लागला, गाडी तापलेली होती की थंड, चढ होता की सपाट, पाऊस होता का, आकडा कोणता आला, काय केले, खर्च किती. सहा महिन्यांनी ती वही मेकॅनिकपुढे ठेवा. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी दर वेळी दिवा लागतो, असे त्यातून दिसले, तर निम्मे निदान मुलीनेच केले म्हणायचे!

ज्याला पिकाचे पान वाचता येते, त्याला हा दिवाही वाचता येईल. आज संध्याकाळी गाडी थंड झाली की बॉनेट उघडा, बॅटरी मोजा, उंदराची लेंडी दिसते का पाहा आणि वहीचे पहिले पान लिहा.